पेट्या बरोबर, पिना ढिल्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात : खानापूर तालुक्यातल्या गावाहून रोज बेळगावात, उद्यमबागेत कामाला येणारा ३१ वर्षांचा वाचक. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे मेकॅनिकलचा डिप्लोमा, आता एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी बघतो. दर महिन्याला ग्राहक कंपनीच्या माणसांसमोर रिजेक्शनचं (दोषामुळे बाद झालेल्या मालाचं) प्रेझेंटेशन त्यालाच द्यावं लागतं. वेळ १२ मिनिटं, स्लाइड १४. समोर पुण्याचे एक साहेब, चेन्नईचे एक, फौंड्रीचे मालक आणि मोल्डिंगचे (साचे बनवण्याच्या विभागाचे) दोन कन्नड सुपरवायझर. गेल्या खेपेला पुण्याचे साहेब म्हणाले, "माहिती चांगली आहे, पण सगळं तुटक वाटतं." त्यानंतर त्याने मोबाइलवरून पन्नासेक इंग्रजी जोडवाक्यं उतरवून पाठ केली, प्रत्येक स्लाइडला पान उलटल्याचा इफेक्ट दिला. फरक पडला नाही. उलट बरोबरचे मित्र आता 'तर, पुढची स्लाइड' किती वेळा झालं ते मोजतात. तो विचारतो : माझं इंग्रजी कच्चं म्हणून असं होतं का? हे काम इंग्रजी माध्यमातून आलेल्या सहकाऱ्याकडे सोपवू का? जाता जाता त्याने हेही लिहिलंय की गावच्या पारायण सप्ताहात सूत्रसंचालन तोच करतो, तिथे कधी अडत नाही.

सप्ताहाचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. काकडा, पारायण, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन, जागर असं सात दिवस एकाला एक जोडत माइकवर उभा राहणारा माणूस 'मला जोडून बोलता येत नाही' म्हणत असेल, तर गडबड जिभेत नाही हे उघड आहे. सप्ताहात प्रवचन संपलं की हरिपाठ येणार हे तुम्हाला ठाऊक असतं आणि तो आत्ताच का, तेही ठाऊक असतं. दिवेलागण झालेली असते, शेतावरची माणसं हातपाय धुऊन मंडपात आलेली असतात, टाळकरी रांगेत उभे असतात. एवढं माहीत असल्यावर शब्द शोधावे लागत नाहीत. मीटिंगमध्ये मात्र बटण दाबल्यावर पडद्यावर काय उमटलं ते तुम्हीही बाकीच्यांबरोबरच वाचता. त्या क्षणाची पोकळी भरायला 'तर, पुढची स्लाइड' धावून येतं.

तुमच्याच शॉपमधलं उदाहरण घ्या. साचा वाळूच्या दोन पेट्यांचा. वरची पेटी नीट ठोकलेली, खालचीही नीट, सँडची, म्हणजे त्या वाळूची, टेस्ट ओके. पण दोन्ही पेट्या एकमेकींवर नेमक्या बसवणाऱ्या पिना झिजल्या आणि त्यांचे बुश ढिले झाले, तर पेट्या किंचित सरकून बसतात, पार्टिंग लाइनवर, म्हणजे पेट्यांच्या जोडरेषेवर, पायरी पडते आणि पीस रिजेक्ट होतो. वरचा अर्धा भाग तपासा, दोष नाही. खालचा तपासा, दोष नाही. पुण्याचे साहेब 'माहिती चांगली, पण तुटक' म्हणाले ते हेच. त्यात इंग्रजीचा विषय कुठेच नव्हता, तो तुम्ही घरी येऊन स्वतःच घातलात.

पाठ केलेल्या यादीने फरक का पडला नाही, तेही बघू. 'मूव्हिंग ऑन', 'नेक्स्ट', 'नाउ लेट अस सी' ही सगळी वाक्यं बसमधल्या कंडक्टरच्या 'राइट'सारखी आहेत. गाडी हलली एवढं कळतं, कुठे निघाली ते कळत नाही. पन्नास काय, पाचशे पाठ केलीत तरी तेच. पान उलटण्याच्या इफेक्टबद्दल तर काय बोलावं! पॉवरपॉइंटने त्या टॅबला 'ट्रान्झिशन्स' नाव देऊन बऱ्याच भल्या माणसांची फसगत केली आहे. पान कितीही ऐटीत उलटलं तरी दोन मुद्दे त्याने जोडले जात नाहीत. शिवाय ऐकणाऱ्याची नजर सेकंदभर त्या करामतीत अडकते आणि तुमचं पहिलं वाक्य वाया जातं. सगळ्या स्लाइड निवडून तो इफेक्ट 'नन' (None) करून टाका.

आता कामाला लागू. तुम्ही पत्रासोबत १४ शीर्षकं पाठवलीत : कंपनी परिचय, मशीनरी, मासिक उत्पादन, एकूण रिजेक्शन, दोषनिहाय रिजेक्शन, सँड टेस्ट रिपोर्ट, पोअरिंग टेंपरेचर (धातू ओततानाचं तापमान), कामगार प्रशिक्षण, फोटो, फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), सुधारणा, पुढील योजना, मागण्या, थँक यू. ही फाइल बहुतेक एका हातची नसावी. उत्पादनाची स्लाइड उत्पादनवाल्यांनी दिली, सँडची लॅबने दिली, तुम्ही त्या गेल्या महिन्याच्या फाइलमध्ये भरल्या. बऱ्याच ठिकाणी असंच चालतं आणि तुटकपणाचं मूळही तिथेच असतं. मांडताना जे कधी जोडलंच नाही, ते बोलताना ऐनवेळी कुठून जोडणार?

मीटिंगच्या तीन दिवस आधी लॅपटॉप बंद ठेवून बसा. जुन्या वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या करा. प्रत्येक चिठ्ठीवर त्या स्लाइडचं म्हणणं एका पूर्ण वाक्यात लिहा, क्रियापदासकट. 'सँड टेस्ट रिपोर्ट' हे वाक्य नव्हे. 'जुलैत सँडमधली ओल ४ टक्क्यांच्या वर गेली' हे वाक्य. जिच्याबद्दल वाक्यच सुचत नाही ती स्लाइड बाजूला काढा. 'मशीनरी' आणि 'फाइव्ह एस' तिथेच गळतील असा माझा अंदाज आहे. कंपनी परिचयही काढा, दर महिन्याला येणाऱ्या माणसाला तुमची ओळख नव्याने कशाला?

उरलेल्या चिठ्ठ्या जमिनीवर ओळीने मांडा आणि दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये एकेक जोडशब्द ठेवून बघा. इथे मराठी शाळेत शिकल्याचा फायदाच आहे. उभयान्वयी अव्ययं तुम्हाला घोकून पाठ असतील : 'आणि, व' समुच्चयबोधक, 'पण, परंतु' न्यूनत्वबोधक, 'म्हणून' परिणामबोधक, 'कारण' कारणबोधक, 'म्हणजे' स्वरूपबोधक. दोन चिठ्ठ्यांमध्ये 'पण', 'म्हणून', 'कारण' किंवा 'म्हणजे' यांपैकी एखादा खरोखर बसला, तर तो सांधा पक्का. फक्त 'आणि' बसत असेल तर संशय घ्या. 'आणि'ने जोडलेल्या दोन गोष्टींची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही, याचा अर्थ त्या क्रमाला काही कारण नाही. ओळीने तीन 'आणि' आले तर ती यादी आहे. तिचा वेगळा इलाज पुढे सांगतो.

तुमच्या चिठ्ठ्या साधारण अशा लागतील. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

जुलैत रिजेक्शन ४ वरून ७ टक्क्यांवर गेलं. पण वाढ सगळ्या दोषांत नाही, एकट्या ब्लोहोलमध्ये (पिसात पडणारे पोकळ खड्डे) आहे. म्हणजे कुठेतरी गॅस अडकतोय, आणि धातू थंड पडला तरी तो अडकतो, म्हणून आधी पोअरिंग टेंपरेचर पाहिलं. पण ते मे महिन्याइतकंच आहे. म्हणून सँडकडे वळलो, तर तिथे ओल साडेतीनवरून साडेचारवर गेलेली. कारण पावसात नवी सँडच ओली येते आणि मिक्सरमध्ये पाणी मात्र उन्हाळ्याच्या मापानेच पडतं. म्हणून पाण्याचं माप कमी केलं आणि दर दोन तासांनी ओल मोजायला लागलो. पण कोअरच्या (पिसातली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) बाजूचे ब्लोहोल तरीही राहिलेच. म्हणून कोअर बॉक्समध्ये (कोअरच्या साच्यात) व्हेंट, म्हणजे गॅस निघून जायच्या वाटा, वाढवायचे आहेत, आणि कोअर बॉक्स ग्राहकाच्या मालकीचा असल्यामुळे त्यांची परवानगी हवी.

चौदाच्या आठ स्लाइड झाल्या. मधले शब्द मी वरून आणून चिकटवलेले नाहीत, क्रम लागला तसे ते आपापल्या जागी येऊन बसले. 'मागण्या' नावाची जी स्लाइड तेराव्या नंबरवर एकटी पडली होती तिलाही आता आधार मिळाला. साहेबांनी परवानगी का द्यावी, हे तिच्या आधीच्या सात स्लाइडांनी सांगून झालेलं असतं.

याच ठिकाणी एक धोका आहे, आणि तुटकपणापेक्षा तो मोठा आहे. 'म्हणून' हा शब्द फार गुळगुळीत आहे. जिथे पुरावा नाही तिथेही तो बिनबोभाट बसतो. जुलैत ओल वाढली आणि जुलैतच ब्लोहोल वाढले, एवढ्यावर 'ओल वाढली म्हणून ब्लोहोल वाढले' असं म्हणता येत नाही. त्याच महिन्यात बेंटोनाइटची (वाळू धरून ठेवणारी माती) नवी लॉट लागली असेल, नाइट शिफ्टला नवी माणसं आली असतील. तुम्ही सफाईने बोलून पुढे निघालात की चेन्नईचे साहेब पेन खाली ठेवून विचारतील, "कशावरून?" मग पुढची चार मिनिटं गेली. तेव्हा 'म्हणून' आधी कमवायचा. सलग तीन दिवस फक्त पाण्याचं माप बदला. लॉट तीच, माणसं तीच, टेंपरेचर तेच ठेवा आणि ब्लोहोलचे पीस मोजा. उतरले तर छातीठोक 'म्हणून' म्हणा आणि त्या तीन दिवसांचा आकडा त्याच वाक्यात सांगा. ते करायला वेळ मिळाला नसेल तर 'त्याच काळात ओलही वाढलेली दिसते, आमचा संशय तिच्यावर आहे' असं म्हणा. हाही सांधाच आहे, आणि कुणी खोदून विचारलं तरी तुटत नाही.

सांध्याचं वाक्य कसं रचायचं? पहिल्या अर्ध्यात हातात काय आलं ते, दुसऱ्या अर्ध्यात अजून काय कळायचं आहे ते. 'टेंपरेचर मेइतकंच आहे, तेव्हा धातूवर दोष टाकता येत नाही. मग गॅस येतो कुठून?' एवढंच. म्हणायला पाच-सहा सेकंद लागतात. आठ स्लाइडांमध्ये सात सांधे, म्हणजे सगळे मिळून पाऊण मिनिट. १२ मिनिटांतून तेवढं सहज निघतं. सगळीच वाक्यं प्रश्नाने संपवू नका, दोन-तीन पुरे. नाहीतर तोंडी परीक्षा चालल्यासारखं वाटतं.

हे वाक्य बटण दाबायच्या आधी म्हणायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं. आधी बटण दाबतात, पडदा बदलतो, सगळ्यांची नजर नव्या आलेखावर जाते आणि सांध्याचं वाक्य कुणाच्या कानात शिरतच नाही. उलटं करा. जुनी स्लाइड समोर असताना प्रश्न विचारा, बटण दाबा, आणि गप्प राहा. दोन सेकंद. मनात 'एक विठ्ठल, दोन विठ्ठल' म्हणा हवं तर. तेवढ्यात लोक शीर्षक वाचून घेतात. शीर्षकाच्या जागी तुम्ही चिठ्ठीवरचं वाक्य ठेवलं असेल तर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना तिथेच सापडतं आणि तुम्ही थेट आकड्यावर बोट ठेवू शकता.

पुढची स्लाइड स्वतःला आधी दिसावी म्हणून प्रोजेक्टर लावल्यावर विंडोजची की धरून पी दाबा आणि 'एक्स्टेंड' निवडा. मग ऑल्ट धरून एफ ५. पडद्यावर फक्त स्लाइड दिसते, तुमच्या लॅपटॉपवर मात्र चालू स्लाइड, पुढची स्लाइड आणि खाली नोट्स. सांध्याचं वाक्य नोट्समध्ये लिहायचं ते सोडायच्या स्लाइडच्या नोट्समध्ये, येणाऱ्या स्लाइडच्या नव्हे. येणारीच्या नोट्समध्ये लिहिलंत तर ते दिसेपर्यंत बटण दाबून झालेलं असतं. 'डुप्लिकेट' राहिलं तर तुमच्या नोट्स सगळ्या खोलीला दिसतील, तेव्हा पाहुणे यायच्या आधी एकदा तपासून ठेवा.

सगळे सांधे सारख्या वजनाचे नसतात. तुमच्या आठ चिठ्ठ्यांत दोन मोठी वळणं आहेत : 'काय बिघडलं' संपून 'का बिघडलं' सुरू होतं ते, आणि 'आम्ही काय केलं' संपून 'तुमच्याकडून काय हवं' सुरू होतं ते. कीर्तनकार बुवा हे कसं सांभाळतात ते तुम्ही टाळ धरून कितीदा तरी ऐकलंय. एका चरणाचं निरूपण झालं की ते पुन्हा ध्रुवपदावर येतात, 'विठ्ठल विठ्ठल' गजर होतो, मृदंग चढतो, उतरतो, आणि मगच पुढचा चरण. त्या गजरात बुवांना दम मिळतो आणि ऐकणाऱ्याला ऐकलेलं मनात लावून ठेवायला वेळ मिळतो. दृष्टांतातून दृष्टांत निघाला तर मध्ये गजर नसतो, एखादा शब्द पुरतो. तुम्हीही मोठ्या वळणावर तेवढं थांबा. कीबोर्डवरचं बी दाबलं की पडदा काळा होतो आणि सगळ्यांचे चेहरे तुमच्याकडे वळतात. आत्तापर्यंतचं एका वाक्यात सांगा : 'वाढ फक्त ब्लोहोलची आहे, बाकीच्या दोषांत नाही.' मग पुन्हा बी दाबून पुढे. १२ मिनिटांत हे दोनदा करा. पाचदा केलंत तर वीज गेल्यासारखं वाटेल.

आता यादीचं. पाण्याचं माप बदललं, दर दोन तासांनी टेस्ट सुरू केली, ओली सँड शेडमध्ये वेगळी ठेवली. हे तीन उपाय 'आणि'नेच जोडले जाणार, त्यांना ओढूनताणून 'म्हणून' लावू नका. आधी आकडा सांगा : 'तीन गोष्टी केल्या, त्यातली तिसरी सर्वांत कामाला आली.' मग पहिली, दुसरी, तिसरी. आकडा सांगितला की ऐकणारा मनात तेवढे खण करून ठेवतो. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अहवाल वाचणाऱ्या सेक्रेटरींनाही हेच लागू पडतं. ठेवी, कर्जवाटप, थकबाकी, लाभांश एकामागोमाग वाचले की सभासद थेट चहाची वाट बघायला लागतात. 'ठेवी वाढल्या, पण थकबाकीही वाढली, म्हणून यंदा लाभांश गेल्या वर्षीइतकाच' असं म्हटलं की तीन आकडे एका दोरीत येतात, आणि लाभांश का वाढला नाही हा प्रश्न उठायच्या आधीच बसतो. इंजिनिअरिंगच्या मुलांनी सेमिनारला 'इंट्रोडक्शन, लिटरेचर सर्व्हे, मेथडॉलॉजी' ही शीर्षकं कॉलेजच्या नमुन्याप्रमाणे ठेवावीत. ती बदलायची परवानगी नसते. सांध्याचं वाक्य तोंडाने म्हणायला मात्र कुणी अडवत नाही.

भाषेकडे येतो, कारण तुमची खरी धास्ती तीच आहे. तुमच्या खोलीत चार भाषा आहेत. बेळगावात यात नवल काही नाही, खडे बाजारात एका गिऱ्हाइकाशी बोलतानाही आपण दोन भाषा वापरतो. तांत्रिक शब्द सगळ्यांचे एकच : ब्लोहोल, कोअर, व्हेंट. अडतं ते सांध्यावर, आणि सांध्याला शब्द लागतात मोजके. इंग्रजीत 'सो', 'बट' आणि 'बिकॉज' एवढ्यावर अख्खं प्रेझेंटेशन निघतं. 'टेंपरेचर इज सेम, सो इट इज नॉट द मेटल' हे वाक्य चेन्नईच्या साहेबांना तुमच्या यादीतल्या कुठल्याही भारदस्त वाक्यापेक्षा लवकर कळेल. मोल्डिंगच्या सुपरवायझरांसाठी मोठ्या वळणावरचं ते एकच वाक्य कन्नडमधूनही म्हणा. 'अदक्के' (म्हणून) आणि 'आदरे' (पण) हे दोन शब्द तुम्हाला येतात, रोज वापरताही. पाण्याचं माप शेवटी तेच सांभाळणार आहेत, त्यांना 'का' कळायलाच हवं. भाषा बदलायची ती सांध्यावर बदला, वाक्याच्या मध्यात नको. अर्धं वाक्य इंग्रजी आणि अर्धं मराठी झालं की दोन्हीकडच्या माणसांना निम्मंच मिळतं.

राहिला सहकाऱ्याचा प्रश्न. त्याच्याकडे काम सोपवलंत तर इंग्रजी सुधारेल, यात शंका नाही. पण 'ओल कशी मोजता? सँपल कुठून घेता, मिक्सरमधून की मोल्डिंगजवळून?' असं विचारल्यावर तो तुमच्याकडे बघणार, तुम्ही उठून उत्तर देणार, तो पुन्हा सुरू करणार. प्रत्येक प्रश्नाला एक नवा तुकडा पडेल. दोघांनी मिळून करायचंच असेल तर मोठ्या वळणावर वाटणी करा : पहिल्या दोन स्लाइड त्याच्या, पुढच्या सगळ्या तुमच्या. तुमच्या हाती देताना त्याने 'आता पुढचं हे सांगतील' एवढ्यावर सोडू नये. 'वाढ फक्त ब्लोहोलची आहे एवढं मी दाखवलं. ती का झाली ते यांनी शोधलंय' असं म्हणावं. तरी माझं मत विचाराल तर आणखी तीन महिने तुम्हीच करा.

तीन ठिकाणी गाडी रुळावरून उतरू शकते, त्यांची आधीच सोय करून ठेवा.

मध्येच प्रश्न आला तर उत्तर झाल्यावर 'हां, तर...' करून सुरुवात करू नका. तुम्ही कुठे होता ते तुम्हालाही आठवत नसतं, त्यांना तर नाहीच. परतीचं वाक्य ठरलेलं असू दे : 'आपण टेंपरेचर बघत होतो, ते मेइतकंच निघालं.' शेवटच्या सांध्याचा पहिला अर्धा पुन्हा म्हणायचा, बस्स.

दुसरं, साहेबांना विमान गाठायचं असतं आणि मालक म्हणतात, "पाच मिनिटांत आवर की." अशा वेळी भराभर बटणं दाबत स्लाइड पळवण्यासारखं केविलवाणं दृश्य नाही. आधीच ठरवून ठेवा की वेळ कमी पडला तर १, २, ५ आणि ८ एवढ्याच दाखवायच्या, आणि २ वरून ५ वर जायचं वाक्यही लिहून ठेवा : 'धातू तपासला, त्यात दोष नाही; सँडमध्ये ओल वाढलेली सापडली, आणि ती का वाढली ते हे.' स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबलं की पॉवरपॉइंट थेट तिथे जातं. मधल्या स्लाइड कुणाला दिसतही नाहीत.

तिसरं ठिकाण म्हणजे नमुना. ब्लोहोलचा कापलेला पीस तुम्ही टेबलावरून फिरवता असं लिहिलंय. जरूर फिरवा, दहा आलेखांपेक्षा तो एक पीस बोलका. पण पीस हातात असलेला माणूस तुमचं ऐकत नाही. तो बोटाने खड्ड्याची कड चाचपतो, उजेडाकडे धरतो, शेजाऱ्याला दाखवतो. पाच जणांतून फिरायला मिनिटभर लागतं आणि त्या मिनिटात तुम्ही सांगितलेलं सगळं पाण्यात. म्हणून पीस दोन आणा, टेबलाच्या दोन्ही टोकांनी सोडा, आणि ते फिरत असताना नवीन काही सांगू नका. त्याच पिसाबद्दल बोला. 'आतली भिंत गुळगुळीत आहे बघा, म्हणजे गॅसच. सँड निसटून पडली असती तर खडबडीत दिसली असती.' हा तुमचा 'म्हणजे'चा सांधा झाला, आणि त्याला पुरावा त्यांच्याच हातात आहे.

सराव अख्ख्या १२ मिनिटांचा करत बसू नका. फक्त सांध्यांचा करा : स्लाइडचं शेवटचं वाक्य, सांध्याचं वाक्य, दोन सेकंद शांत, पुढच्या स्लाइडचं पहिलं वाक्य. मग थेट पुढच्या सांध्यावर उडी. सात सांधे चार मिनिटांत होतात. तीन रात्री, रोज दोनदा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि सकाळी बसमधून येताना ऐका. 'तर' आणि 'अं' कुठे आलं तेवढंच टिपा. एकाच सांध्यावर तीनही दिवस अडखळत असाल तर वाक्याला दोष देऊ नका, त्या दोन चिठ्ठ्यांचा क्रम पुन्हा तपासा. शब्द न् शब्द मात्र पाठ करू नका. एक शब्द निसटला की पाठांतर तिथेच बसतं. 'हातात काय आलं, काय उरलं' एवढं लक्षात असलं की वाक्य दर वेळी नवं निघतं.

थँक यूच्या स्लाइडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे सगळ्यात मोठा सांधा सुटतो म्हणून सांगतो. फुलांचं चित्र असलेली ती स्लाइड आली की माणसं फाइल मिटतात आणि परवानगीचं बोलणं पार्किंगमध्ये होतं. ती काढून टाका. शेवटी आठवी स्लाइडच पडद्यावर राहू दे : कोअर बॉक्सचं चित्र, वाढवायच्या दोन व्हेंटवर लाल गोल, आणि खाली 'ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परवानगी मिळाली तर गणपतीच्या आधी ट्रायल'. आभार तोंडाने माना. प्रश्नोत्तरं चालू असताना ती स्लाइड तिथेच ठेवा, आणि लॅपटॉप बंद करण्याआधी दोन्ही पीस परत आलेत ना, ते मोजून घ्या.